कच्चं रक्त

किनाऱ्यावरची पोरे डॉक्टर स्कोलास्तिकाला डास म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागली. ती बोटीतून उतरून बर्फाची पेटी वाळूत टेकवते न टेकवते तोच नारळीमागून कोणीतरी ओरडे, "डास आला रे, हात लपवा!" तिला राग येत नसे. डासही रक्त घेतो आणि मीही घेते, फक्त मी आधी आईबापांची नावे विचारते, असे ती म्हणायची. घरचे तिला तिका म्हणत. आपणही तिकाच म्हणू, म्हणजे जीभ वळवायचे कष्ट नकोत.

तिका परकी नव्हती. न्यू गिनीच्या ह्याच उत्तर किनाऱ्यावर जन्मली, पोर्ट मोर्सबीला शिकली, पुढे ब्रिस्बेनला गेली आणि तिथली चांगली जागा सोडून परत आली. तिथल्या प्रोफेसरांनी कपाळाला हात लावला. पण ज्या आजारावर तिला काम करायचे होते तो ब्रिस्बेनला नव्हताच, तो तिच्या गावाकडे होता. रक्ताला लाल करणारे द्रव्य नीट न जुळण्याचा हा आजार आईबापांकडून मुलात उतरतो. एकाकडूनच आला तर माणूस जन्मभर होडी वल्हवतो, बागा खणतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला तर मूल वर्षाच्या आत पांढरेफटक पडते, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, आणि महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याचे रक्त चढवले नाही तर ते मूल राहत नाही.

दलदलीजवळच्या गावांत हा दोष जास्त, डोंगरात कमी. हिवतापाने बाकीचे मेले, अर्धा दोष असलेले तगले, म्हणून दोषही तगला. हे तिका यायच्या आधीच जगाला ठाऊक होते. पण आपल्या किनाऱ्यावर कोणत्या गावात किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तिने ते गावोगाव हिंडून काढले. त्यात तिची तरुणपणाची सगळी वर्षे गेली, लग्न राहून गेले, आणि त्याचे तिला फारसे काही वाटलेही नाही.

आजाराचे इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना. तेव्हा तिकाने पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या मिश्र बाजारबोलीत, सोपा शब्द काढला, कच्चं रक्त. पपई जशी झाडावर पिकायची राहते तसे. आईबापांत अर्धंकच्चं असते, दोन अर्धी एकत्र आली की मूल पुरतं कच्चं. शब्द असा चालला की विचारू नका. परिचारिकांनी उचलला, दवाखान्याच्या भिंतीवर चित्रासकट लागला, एका पाद्रीबाबांनी तर प्रवचनात वापरला. आपल्या छापून आलेल्या लेखांपेक्षा तिकाला त्या शब्दाचा अभिमान अधिक होता.

आता ह्या किनाऱ्यावर लहान पोरालाही एक गोष्ट माहीत असते. हाड बापाचे आणि रक्त आईचे. पोराचा गुडघा फुटला तर बाप आधी मेहुण्याकडे जाऊन हात जोडतो, कारण सांडले ते मेहुण्याच्या घरचे रक्त. तिकालाही हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले होते. पण विद्यापीठात गेल्यावर तिने ते भुताखेतांच्या गोष्टींबरोबर एका कोपऱ्यात ठेवून दिले. त्यामुळे कच्चं रक्त म्हटल्यावर गावाला ते कुणाकडून आले हे विचारायची गरजच उरत नाही, हे तिच्या ध्यानात आले नाही.

त्यात तिची कामाची पद्धत अशी, की मुलांची वजने होत तिथे ती पेटी मांडून बसे. तिथे येणार आया. बाप समुद्रावर, नाहीतर बागेत, नाहीतर सुपारी चघळत झाडाखाली. बापांचे मग बघू, असे ती म्हणे. ते मग कधी उगवलेच नाही. तिच्या नकाशावर ठिपके शेकड्यांनी होते आणि त्यांतले बहुतेक बायकांचे होते.

हे सगळे तिच्या अंगावर आले ते फिलोमेनामुळे. फिलोमेना तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, तिकाच्याच हाताखाली वाढलेली. दामारू गावात, ओत्मार नावाच्या शांत माणसाला दिलेली. पहिले मूल गेले. दुसरा मासिल, चार वर्षांचा, पुरता कच्च्या रक्ताचा. दर महिन्याला फिलोमेना त्याला पाठुंगळी मारून, भाड्याच्या ट्रकवर बसून मदांगच्या इस्पितळात आणायची. रक्त द्यायला तिचे भाऊ यायचे. आईकडचे रक्त, आईकडच्यांनीच द्यायचे, ह्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

त्या दिवशी मासिलच्या हाताला नळी लावलेली होती आणि तो उकडलेले केळे खात होता. फिलोमेना खिडकीकडे बघत म्हणाली, "मावशी, ते मला परत धाडणार."

"कोण ते?"

"सगळेच. लिनुसभाऊजी म्हणतात, ओत्मारला दुसरी बघू. रविवारी मिस्सा झाल्यावर बैठक आहे."

"आणि हा?"

"हा त्यांच्या कुळाचा. हा तिथेच राहणार."

तिकाने हातातली बाटली खाली ठेवली. "त्याला इथे आणणार कोण? ओत्मार?"

"ओत्मारला सुई बघून घेरी येते, मावशी. आणि सासरे म्हणतात, आणायचं कशाला? वाईट रक्ताची बाई घरातून गेली की पोर आपोआप तग धरेल."

मासिल आपोआप किती दिवस तग धरेल ते तिकाला चांगले ठाऊक होते. दोन महिने, फार तर तीन. मग श्वास लागेल, पाय सुजतील. अशी मुले तिने पाहिली होती.

अशा बैठकीत मुलीच्या बाजूने मामा बोलतो; फिलोमेनाचा मामा वारलेला, म्हणून ते बोलणे मावशीकडे आले. रविवारी तिका दामारूत उतरली. समुद्राकाठच्या उघड्या मांडवात पुरुष बसले होते. मध्ये फिलोमेनाचा सासरा कुबाई, कुळातला मोठा माणूस, उंच, काटक, तोंड सुपारीने लाल. मांडीवर मासिल.

"या विहीणबाई," कुबाई म्हणाला. "हल्ली डास दिवसाही फिरायला लागले वाटतं."

"दिवसा चावणारे वेगळे असतात, व्याही. ते जास्त वाईट."

मंडळी हसली. कुबाईने नातवाच्या डोक्यावर हात फिरवला. "हे बघा आमच्या घरचं कपाळ. माझ्या आजोबांचं अस्संच होतं, रुंद. हाडात आमचं पोर कुठे कमी नाही. रक्ताचा तेवढा वांधा आहे, आणि तो कुठून आला ते तुमच्याच दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलंय. त्यात तुमचा दोष नाही म्हणा. तुम्ही खरं तेच लिहिलंत."

तिकाने वाळूत काडीने एक चौकोन काढला, एक गोल काढला, दोन्ही अर्धे अर्धे रेघांनी भरले. बाप अर्धा, आई अर्धी, दोन्ही मिळून मूल. हे तिने परिषदांत, शाळांत, कुठे कुठे सांगितले होते. मासिल आजारी पडला तेव्हाच तिने ओत्मारचे रक्त तपासले होते, तेही तिने सांगितले. "ओत्मारमध्येही आहे. फिलोमेनाइतकंच."

तिला वाटले, आता गप्प बसतील. कुबाईने मात्र समाधानाने मान डोलावली.

"असणारच. त्याच्या आईकडून आलं असेल."

सगळ्या माना मांडवाच्या कडेला वळल्या. तिथे कुबाईची बायको बर्टिला कंद सोलत बसली होती. म्हणजे तिकाने इतका आटापिटा करून खापर एका बाईच्या डोक्यावरून काढले आणि दुसरीच्या डोक्यावर नेऊन ठेवले. पुरुषांच्या दृष्टीने तिचा चौकोन, गोल, सगळे बरोबर होते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावे तर तसेही नव्हते. घडा चांगला भरत होता, फक्त भलत्याच पाण्याने.

बर्टिलाने सुरी खाली ठेवली. "माझ्याकडून? ह्या घरात पाऊस नाही पडला तरी माझ्याकडून, मासे नाही लागले तरी माझ्याकडून. आता एवढंच राहिलं होतं." तिने तिकापुढे हात केला. "घे गं. आत्ताच्या आत्ता घे. आणि ह्यांचंही घे. मला एकटीला टोचलंस तर सूनबाईच्या आधी मी माहेरी जाईन."

"घ्या, घ्या," कुबाई हसत म्हणाला. "पुरुषाच्या अंगातलं रक्त त्याच्या आईचं. ते त्याच्याबरोबर संपतं, पुढे जात नाही. पण घ्या. नाहीतर ही मला जेवू घालायची नाही."

तिकाने दोघांचे रक्त घेतले. निकाल येईपर्यंत निर्णय नको, एवढे तिने पदरात पाडून घेतले. बोटीत बसताना तिच्या लक्षात आले की एवढ्या वर्षांत कुठल्या आजोबाच्या दंडाला तिने पहिल्यांदाच पट्टा बांधला.

प्रयोगशाळेत यंत्राने आपले काम केले. बर्टिलाचे रक्त स्वच्छ. कुबाईचे अर्धे कच्चे. तिकाने पुन्हा करून पाहिले, तेच आले. तिला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ लाजही वाटली, कारण हे करायला तिला कुणी कधी अडवले नव्हते. मग काळजी लागली. यंत्राचे ऐकून कुणी आजवर सून ठेवून घेतली आहे असे तिच्या ऐकिवात नव्हते.

पुढच्या रविवारी तिने मांडवात जे होते ते सांगितले. मग लिनुस, कुबाईचा थोरला, डोके खाजवत म्हणाला, "मग ओत्मार आईचा नाही की काय?"

"जा, तुझ्या मावशीला विचार," बर्टिला कडाडली. "तिने नाळ कापली. खडकावरून वेचून आणला काय रे मी त्याला, शिंपल्यासारखा?"

हशा पिकला, ओत्मारही हसला. कुबाई मात्र हसला नाही. "यंत्र चुकलं असेल," तो म्हणाला. "विहीणबाई, राग मानू नका. पुरुष रक्त देऊ शकत नाही. पुरुष हाड देतो." त्याने मुठीने आपल्या नडगीवर टकटक केले. "हे माझ्या बापाचं. हेच ओत्मारमध्ये, हेच ह्याच्यात." आणि त्याने मांडीवरच्या मासिलचे कपाळ थोपटले.

तिका त्या कपाळाकडे बघत राहिली. कपाळ पुढे आलेले, गालाची हाडे रुंद. आजारी मुलांच्या नोंदीत हे वाक्य तिने इतक्यांदा लिहिले होते की ते लिहिताना तिचे लक्षही नसे.

"व्याही," ती म्हणाली, "ओत्मारचं कपाळ असं आहे?"

कुबाईने मुलाकडे पाहिले. "नाही. एक पिढी सोडून येतं कधी."

"लिनुसचं? तुमचं स्वतःचं? इथे बसलेल्या कुणाचं? पण मदांगला माझ्याकडे जितकी अशी पोरं येतात त्या सगळ्यांचं असंच आहे. कुठल्या कुठल्या गावांची. सगळ्यांना तुमच्या आजोबांचं कपाळ कसं आलं?"

पुरुष एकमेकांची कपाळे न्याहाळू लागले.

"ते घरचं कपाळ नाही. तो आजार आहे. आणि हाड बापाचं म्हणता, तर आजारी पडलंय ते कुणाचं?"

"आजार रक्ताचा आहे. तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. अर्धंच म्हणाले मी." तिकाचा आवाज चढला. ती सहसा चढवत नसे. "लहान डुकराचं हाड फोडता तेव्हा आत काय असतं?"

"लाल," मासिल म्हणाला. त्याला ते चोखायला फार आवडे.

"लाल. तिथेच रक्त तयार होतं, हाडाच्या आत. ती रक्ताची चूल. ह्याच्या चुलीत पिकत नाही म्हणून चूल आणखी पेटते, आणखी मोठी होते, आणि हाड फुगतं. रक्त आईचं असेल, व्याही, मी भांडत नाही. पण ते शिजतं तुमच्या घरच्या हाडात."

कुबाईने अंगठा मासिलच्या कपाळावर ठेवला. भुवईपासून केसांपर्यंत हळूहळू फिरवला. मग आपल्या कपाळावरून फिरवला. पोराने डोळे मिटून घेतले, त्याला ते लाडच वाटले. कुबाईने त्याला उचलून बर्टिलाच्या मांडीवर दिले, सुपारीची पिशवी खांद्याला लावली आणि किनाऱ्याने चालू लागला. कुळातल्या मोठ्या माणसाने निर्णय दिला नाही म्हणजे बैठक उठली नाही. फिलोमेना ना सासरची राहिली, ना माहेरी गेली. तिका तशीच परतली, आणि उगाच आवाज चढवला असे वाटेत स्वतःला म्हणत राहिली.

रक्ताचा दिवस आला तेव्हा फिलोमेना मासिलला घेऊन आली, एकटी. कुणी अडवले नव्हते, कुणी सोबतही आले नव्हते. नेमके तिच्या भावांनी गेल्याच वेळी रक्त दिलेले, त्यांचे इतक्यात पुन्हा घेता येत नव्हते, आणि इस्पितळाच्या फ्रीजमध्ये त्याच्या गटाची एकही पिशवी नव्हती. मासिलचे ओठ मेणासारखे झाले होते. बाकावर आणखी आया आपापली पोरे घेऊन बसल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघत होत्या. तिका फोन करत सुटली.

दुपारच्या ट्रकने कुबाई उतरला. मागे लिनुस, ओत्मार आणि भावकीतले चार-पाच तरणे. कुबाईने कुणाला काही विचारले नाही. सरळ आत गेला, खुर्चीवर बसला आणि बाही वर केली.

"हाड आमचं असेल तर आम्हीही द्यायला पाहिजे," तो म्हणाला. "घ्या."

परिचारिकेने बोटाला टोचून थेंब तपासला आणि तिकाकडे पाहिले.

"तुमचं चालणार नाही, व्याही," तिका म्हणाली.

"म्हातारा म्हणून?"

हो म्हणणे अगदी सोपे होते. तो मानाने उठला असता, बाहेर जाऊन वयावर दोन विनोद केले असते. तिकाच्या ओठांवर ते हो आलेही होते.

"वयही झालंय. पण तरुण असता तरी घेतलं नसतं. तुमचंच तुम्हाला जेमतेम पुरतं."

"कच्चं म्हणून."

"अर्धंकच्चं."

कुबाईने बाही खाली केली. बटण लावायला त्याला वेळ लागला. "बायकांना सांगता तेव्हाही असंच तोंडावर सांगता?"

"हो."

"आणि मग त्या घरी जाऊन काय सांगतात?"

सांगण्याचे तिकाला माहीत होते. घरी काय होते ते तिने कधी जाऊन पाहिले नव्हते.

कुबाई बाहेर आला. लिनुस उठून उभा राहिला. "घेतलं?"

"नाही घेतलं." कुबाई दबक्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता, आणि तो आताही तसा बोलला नाही. सगळ्या बाकाला ऐकू गेले. "माझं रक्त कच्चं आहे. मासिलला आहे ते अर्धं माझ्याकडून, ओत्मारमधून गेलंय. तुझ्या आईचं चांगलं निघालं. आता वर्षभर घरात तेच ऐकायचंय. जा, तू आत जा, तुझं बघू दे."

लिनुस जागचा हलला नाही. "मग हिचं काय?" त्याने हनुवटीने फिलोमेनाकडे दाखवले. "बैठकीचं काय?"

"हिचं काय? ह्या रक्तासाठी हिला धाडायचं तर मलाही धाड. मला कुठे धाडतोस बोल. माझी आई मेली, मामा मेले. कुणाच्या दारात नेऊन सोडतोस?"

लिनुसने खाली पाहिले. मग चपला काढून तो आत गेला, आणि त्याच्यामागून बाकीचे एकेक करून गेले. ओत्मार शेवटी गेला, भिंतीला धरून. फिलोमेनाने मासिलला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतले आणि बाकावर जागा केली. सासरा तिथे बसला.

तिका दारात उभी होती. बाकाच्या टोकाला डोंगरपायथ्याच्या गावची एक तरुण बाई होती, फडक्याआड मूल, रुंद कपाळाचे. ती दर महिन्याला यायची, मुकाट्याने बसायची आणि मुकाट्याने जायची. तिने कधी तिकाला एक प्रश्न विचारला नव्हता. ती उठून कुबाईसमोर आली.

"बुबू," ती म्हणाली, आजोबांना म्हणतात तसे, "आत्ता बोललात तेवढंच बाहेर येऊन बोलता का? माझा नवरा झाडाखाली बसलाय."

कुबाईने तिच्याकडे पाहिले, तिच्या पोराकडे पाहिले. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला.

"कुठलं झाड?" त्याने विचारले.